थंड पाण्यातलं बुडालेलं जहाज: स्कापा फ्लोला उतरण्याआधी या चुका टाळा

तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, नेत्राणी किंवा अंदमान. मराठी डायव्हरांपैकी बहुतेकांचं शिक्षण यातल्याच कुठल्या तरी पाण्यात झालेलं असतं. पाणी २७ ते २९ अंश, अंगात ३ मिलिमीटरचा सूट, बोटं उघडी, पाठीवर एक सिलिंडर. पुढे शिक्षण-नोकरीच्या निमित्तानं ब्रिटनमध्ये गेल्यावर तिथल्या एखाद्या क्लबात जाणं सुरू होतं आणि वर्ष-दोन वर्षांत स्कापा फ्लोचा बेत ठरतो. लॉगबुकात ऐंशी-शंभर डाइव्ह असतात, खोल पाण्याचं कार्ड असतं, त्यामुळे आपली तयारी झाली आहे असं वाटतं. खरं तर त्या शंभरातल्या बऱ्याच सवयी इथे मोडून काढाव्या लागतात.

स्कापा फ्लो म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांनी चहूबाजूंनी वेढलेलं पाणी. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून त्यांच्याच खलाशांनी ती बुडवायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं तळाला गेली. बहुतेक जहाजं पुढच्या काही वर्षांमध्ये भंगारासाठी वर काढली गेली. मोठी सात अजून तिथेच आहेत: क्योनिग, क्रोनप्रिंझ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन युद्धनौका, आणि क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरूह, ब्रुमर ही चार हलकी क्रूझर. पाण्याचं तापमान मार्चमध्ये ६-७ अंश, ऑगस्ट-सप्टेंबरात फार तर १३-१४.

अशा पाण्यात सगळ्यात आधी बोटं कामातून जातात. आणि सूटातली हवा सोडणं, व्हॉल्व्ह फिरवणं, रील (दोरी गुंडाळलेली फिरकी) सोडणं, अडकलेली दोरी कापणं, ही सगळी कामं बोटांचीच. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका गोष्टीचा हिशेब न केल्यामुळे होतात.

सातही जहाजांना एकच डाइव्ह समजणं

पहिल्या दिवशी कुठे उतरायचं हे बोटीवर बसून ठरवू नका. कार्ल्सरूह सगळ्यात उथळ आहे, तळ साधारण २५-२७ मीटर. पहिली डाइव्ह तिथेच करावी. क्योल्न आणि ब्रुमर ३६ मीटरच्या आसपास उजव्या कुशीवर पडली आहेत. ड्रेस्डेन उतारावर डाव्या कुशीवर आहे, एक टोक पंचविशीत तर दुसरं ३८ मीटरच्या जवळ. मार्कग्राफचा तळ ४५ मीटरवर.

तीनही युद्धनौका पूर्ण पालथ्या आहेत. फोटोत बघितलेलं डेक, तोफा, कठडे असं काहीही वरून दिसत नाही. दिसते ती जहाजाची पाठ, म्हणजे शेवाळ आणि जलचरांनी झाकलेली टेकडीसारखी एक चढण. क्रोनप्रिंझ विल्हेल्मच्या ३०.५ सेंटिमीटरच्या तोफा बघायच्या तर कडेनं पार खाली जाऊन जहाजाच्या छायेखाली शिरावं लागतं. हे अनेकांना खाली गेल्यावर कळतं आणि मग 'एवढं आलोच आहोत तर' म्हणून ठरवलेल्या खोलीच्या पाच-सहा मीटर खाली जाणं होतं. क्रूझरचं वाचन वेगळं असतं: जहाज कुशीवर आहे, म्हणजे डेक भिंतीसारखं उभं आणि डोलकाठ्या तळाला समांतर. उतरण्याआधी जहाजाचा आराखडा ९० अंश फिरवून बघा, युद्धनौकेचा १८०. कागद हातात धरून खरोखरच फिरवा, डोक्यात फिरवून भागत नाही.

आणखी एक गल्लत प्रवाहाची. जर्मन जहाजांवर भरती-ओहोटीचा ओढा फारसा जाणवत नाही, म्हणून आठवडाभर सवय लागते. मग शेवटच्या दिवसांत बरा साउंडमधल्या टबार्का, डॉइल या जहाजांवर नेतात. शत्रूच्या पाणबुड्यांची वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली ही जहाजं पंधरा-अठरा मीटरवरच आहेत, पण अटलांटिकचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेनं नदीसारखं वाहतं. पाणी थांबतं तेवढ्याच वेळात उतरायचं. उधाणाच्या दिवसांत ही फट आणखी आखूड होते, भांगाच्या दिवसांत थोडी ऐसपैस. स्किपरनं 'आता' म्हटलं की आताच. चष्म्याला थुंकी लावायची राहिली म्हणून तीन मिनिटं घालवली तर ती डाइव्ह सोडून द्या.

रॉयल ओक आणि व्हॅनगार्ड या दोन ब्रिटिश युद्धनौकांवर डाइव्ह करता येत नाही. व्हॅनगार्डचा ९ जुलै १९१७ रोजी आतल्या दारूगोळ्यानं स्फोट झाला, रॉयल ओक १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीनं बुडवली. दोन्हींवर आठशेहून जास्त माणसं गेली. ती थडगी आहेत आणि कायद्यानं बंद आहेत. जर्मन जहाजं संरक्षित स्मारकं आहेत, तिथून पितळेचा खिळासुद्धा उचलायचा नाही. तोफगोळे अजून पडलेले दिसतात, त्यांना बोट लावू नका.

हात मोकळे राहावेत म्हणून पातळ हातमोजे

तीन मिलिमीटरचे मोजे घातले की बोटं छान वळतात, पहिली बारा मिनिटं. त्यानंतर छोटा बोल्ट स्नॅप (खटक्याचा हूक) कडीत अडकवायला गेलं की अंगठा खटका मागे ओढतो आहे असं वाटतं, पण खटका हललेलाच नसतो. डोळ्यांनी बघावं लागतं की बोट नक्की कुठे आहे. ही अवस्था ३५ मीटरवर येऊ द्यायची नाही.

दोन पर्याय चालतात: ५ मिलिमीटरचे घट्ट बसणारे ओले मोजे, किंवा ड्रायसूटला (आत पाणी न शिरू देणाऱ्या, हवा भरायच्या सूटला) कड्यानं जोडले जाणारे कोरडे मोजे आणि आत पातळ लोकरीचा थर. कोरडे मोजे ऊबदार असतात, पण खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानं ते बोटांना आवळतात. त्यासाठी मनगटाच्या सीलखालून (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीखालून) एक बारीक दोरी आत घालतात, म्हणजे सूटातली हवा मोज्यात जाते. याची किंमत अशी की गंजक्या पत्र्यावर मोजा फाटला तर पाणी त्याच वाटेनं बाहीत येतं. दोरी अशी घाला की ती ओढून काढता येईल आणि सील पुन्हा बसेल.

उपकरणं मोज्यांच्या मापाची हवीत. बोल्ट स्नॅप मोठ्या कड्यांचे घ्या, कटर छातीजवळ दोन्ही हातांना पोहोचेल असा, टॉर्चचं बटण दाबायचं नसून फिरवायचं किंवा सरकवायचं. पाण्यात दर पाच मिनिटांनी अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून बघा, दोन्ही हातांचा. टेकत नसेल तर डाइव्ह संपली, गेजवर (हवेच्या दाबमापकावर) कितीही हवा असो. बडीलाही (जोडीदार डायव्हरलाही) ही खूण आधी सांगून ठेवा.

ड्रायसूट भाड्यानं घेऊन थेट जहाजावर

ड्रायसूट ही नव्या डायव्हरची सगळ्यात मोठी अडचण, कारण त्यातली हवा फिरते. बीसीडीतली (तरंगणं सांभाळायच्या जाकिटातली) हवा खांद्यापाशी राहते, सूटातली डोक्याकडून पायांकडे जाते. पाय वर झाले की हवा बुटांत भरते, बूट फुगून निसटतात, पंख मारून काही होत नाही आणि माणूस उलटा वर खेचला जातो. उपाय एकच क्रमानं होतो: गुडघे छातीशी घ्या, पुढे कोलांटी मारा किंवा कुशीवर वळा, डोकं वर आलं की लगेच डावा खांदा उंच करून दंडावरच्या व्हॉल्व्हनं हवा सोडा. हे हातापायात भिनेपर्यंत किमान दहा-बारा डाइव्ह उथळ पाण्यात कराव्या लागतात. ब्रिटनमध्ये यासाठी खाणींची तळी आहेत. लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हला तर सरावासाठी मुद्दाम बुडवलेली स्टेनगार्थ नावाची टगबोटही आहे. हिवाळ्यात तिथलं पाणी स्कापाहून थंड असतं, म्हणून तिथे जमलं तर इथे जमेल.

नेहमी आढळणारे बिघाड असे:

मनगट ओलं, बाकी कोरडं: मूठ आवळल्यावर मनगटाच्या शिरा उठतात आणि सीलखाली पन्हळ तयार होते, त्यातून पाणी येतं. सील एक-दोन बोटं वर, कोपराच्या दिशेनं सरकवा. सारखं मूठ आवळून दोर पकडणाऱ्यांना हे जास्त होतं.

छाती ओली: मानेच्या सीलखाली केस, दाढी किंवा आतल्या कपड्याची कड अडकलेली असते. तसं नसेल तर झिपचं शेवटचं टोक पूर्ण बंद झालेलं नाही. शेवटचे ते दोन-तीन दात बडीनं डोळ्यांनी बघायचे, हातानं चाचपून नाही.

डावा दंड ओला: हवा सोडायच्या व्हॉल्व्हच्या पडद्याखाली आतल्या कपड्याचा धागा किंवा वाळूचा कण. व्हॉल्व्ह काढून गोड्या पाण्यात खळबळा.

गळती कुठून आहे ते सापडत नसेल तर मान आणि मनगटं बांधून सूट फुगवा आणि साबणाचं पाणी फिरवा. नव्या लेटेक्स सीलनं मान आवळत असेल तर कात्रीनं एका वेळी एकच वळं कापा आणि घालून बघा. जास्त कापलेलं परत लावता येत नाही. मान फार घट्ट राहिली तर चक्कर येते, आणि ती पाण्यात नायट्रोजनच्या झिंगेसारखी वाटते.

हवा भरायचं बटण अडकून सूट फुगत चालला तर आधी हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि लगेच नळी ओढून काढा. नळीचं कडं ओल्या मोज्यातून घसरतं, म्हणून मोठ्या कड्याचीच नळी घ्या आणि बोटीवर मोजे घालून दहा वेळा काढा-लावा.

बुडण्यासाठी अंगावर घेतलेल्या वजनाचं गणितही बदलतं. आतला जाड कपडा हवा धरून ठेवतो, म्हणून कपडा बदलला की वजन पुन्हा तपासायचं. तपासायचं ते भरलेल्या सिलिंडरनं नाही. दोन १२ लिटरच्या सिलिंडरांत २३० बारला सुमारे ५,५०० लिटर हवा असते आणि तिचं वजन साडेसहा किलोच्या वर भरतं. डाइव्ह संपताना त्यातली पाच किलोहून जास्त निघून गेलेली असते. म्हणून ५० बार उरलेले असताना, सूटात गारठणार नाही एवढी हवा ठेवून, ५ मीटरवर स्थिर राहता येतं का, ते बघा. भरलेल्या सिलिंडरनं बरोबर वाटलेलं वजन शेवटच्या थांब्यावर (वर येताना अंगातला नायट्रोजन निघू देण्यासाठी थांबतात तिथे) कमी पडतं, आणि थांबा चुकतो. भीतीपोटी चार किलो जास्त घेणाऱ्याला तेवढीच जास्त हवा सूटात ठेवावी लागते, आणि मग तीच हवा पायात जाते.

रेग्युलेटर: गरम पाण्यात चालला म्हणजे इथेही चालेल

सिलिंडरातली २३० बारची हवा पहिल्या स्टेजमध्ये (रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडलेल्या भागात) एका झटक्यात ९-१० बारवर उतरते. दाब असा पडला की हवा बर्फासारखी गार होते आणि भोवतालचं धातूही गार करते. पाणी २८ अंश असेल तर ते धातूला परत ऊब देत राहतं. पाणी ६ अंश असेल तर ते पुरं पडत नाही. स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, झडप उघडी अडकते, नळीतला दाब चढतो आणि तोंडातला रेग्युलेटर आपोआप वाहू लागतो. हवा जितकी जोरात वाहील तितकी गारठण वाढते, म्हणून हा बिघाड स्वतःहून थांबत नाही. दुसरी वाट तोंडाकडून: श्वासातली वाफ दुसऱ्या स्टेजच्या (तोंडातल्या भागाच्या) कांडीवर गोठते.

त्यामुळे रेग्युलेटर थंड पाण्यासाठीच बनवलेला हवा, म्हणजे पहिल्या स्टेजच्या स्प्रिंगपर्यंत पाणी पोहोचू न देणारा बंदिस्त प्रकार. युरोपीय मानक ईएन २५० मध्ये थंड पाण्याची चाचणी ४ अंशांवर होते. ज्या रेग्युलेटरवर १० अंशांच्या वर वापरण्याची खूण आहे तो या कामाचा नाही. गोव्यात घेतलेला, छिद्रांतून पाणी खेळणारा साधा पिस्टन रेग्युलेटर उत्तम असेल, पण तो घरी ठेवा. तिथली सिलिंडरं सहसा क्लँपवाल्या तोंडाची असतात, इथे आटे असलेली डिन जोडणी लागते. त्यातही डिन चांगलीच: जहाजाच्या आत छताला आपटल्यावर क्लँप सरकून ओ-रिंग बाहेर येऊ शकते.

चांगला रेग्युलेटरही वागणुकीनं गोठवता येतो. बोटीवर गार वाऱ्यात उभं राहून त्यातून चार-पाच श्वास घेऊन बघणं ही सगळ्यात सर्रास चूक. आतली वाफ तिथेच बर्फ होते आणि पाण्यात पडताच हवा वाहू लागते. श्वासाची चाचणी तोंड पाण्याखाली गेल्यावर करा. मधलं बटण दाबून फरफर हवा सोडू नका. खाली उतरताना सूटात आणि विंगमध्ये (तरंगण्यासाठीच्या पाठीवरच्या हवेच्या पिशवीत) एकाच वेळी हवा भरू नका, आणि भरताना दीर्घ दाब न देता टिचक्या मारल्यासारखी थोडी थोडी भरा. एक पहिला स्टेज एका वेळी तीन ठिकाणी हवा पुरवू लागला की तो गोठलाच समजा.

मुख्य आणि राखीव दोन्ही रेग्युलेटर एकाच पहिल्या स्टेजवर असणं ही इथे चालू न देण्यासारखी गोष्ट आहे, कारण तो गोठला की दोन्ही गेले. स्वतंत्र व्हॉल्व्हवर स्वतंत्र पहिले स्टेज हवेत: एका सिलिंडरवर दुहेरी तोंडाचा व्हॉल्व्ह किंवा सरळ ट्विनसेट (एकमेकांना जोडलेली दोन सिलिंडरं). विंगची नळी एका बाजूला, सूटाची दुसऱ्या, म्हणजे एक बाजू बंद केली तरी तरंगण्याचं एक साधन हातात राहतं.

आणि तरीही हवा वाहू लागली तर? ३५ मीटरवर पूर्ण उघडा वाहणारा रेग्युलेटर १२ लिटरचं सिलिंडर दोन-तीन मिनिटांत रिकामं करतो. टॉर्च हलवून बडीला बोलवा, राखीव रेग्युलेटर तोंडात घ्या, वाहणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करा. बुडबुड्यांच्या गर्दीत काही दिसत नाही, कान बधिर होतात, म्हणून कुठला व्हॉल्व्ह कुणीकडे फिरतो हे हातालाच माहीत असलं पाहिजे. मिनिटभरानं बर्फ सुटतो आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर बऱ्याचदा सगळं ठीक चालतं. तरी तिथून वरच जायचं. एकदा गोठलेला रेग्युलेटर पुन्हा गोठायला वेळ लावत नाही.

व्हॉल्व्हपर्यंत हात न पोहोचणं, आणि गेजचा न हलणारा काटा

घरच्या कपड्यात हात मानेमागे सहज जातो. जाड आतला कपडा आणि वर ड्रायसूट चढवला की कोपर कानापर्यंतही येत नाही. सूट घेताना दोन्ही हात डोक्यामागे नेऊन बघा, सिलिंडर पाठीवर थोडी वर चढवा, आणि प्रत्येक डाइव्हला ५-६ मीटरवर तिन्ही व्हॉल्व्हना हात लावून मग खाली जा.

ट्विनसेटमध्ये दोन सिलिंडरांना जोडणारा मधला व्हॉल्व्ह बंद राहणं ही जीवघेणी चूक आहे, आणि ती शांतपणे होते. श्वास उजव्या बाजूनं चाललेला, गेज डाव्या बाजूला. मधला व्हॉल्व्ह बंद असेल तर गेजचा काटा २३० वरच उभा राहतो आणि उजवं सिलिंडर रिकामं होत जातं. डायव्हर मनातल्या मनात खूश असतो की आज हवा कमी लागते आहे. दहा मिनिटांत काटा हलला नाही तर थांबा आणि मधला व्हॉल्व्ह तपासा. भरताना तो बंद होता का हेही बघा, कारण मग एकाच सिलिंडरात नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण) आणि दुसऱ्यात जुनी हवा असू शकते. मिश्रण तपासताना दोन्ही बाजूंनी तपासा.

काटा श्वासागणिक खाली-वर नाचत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. आणि जहाजाच्या छताखालून पुढे सरकताना डाव्या व्हॉल्व्हची मूठ छताला घासून हळूहळू बंद होते, म्हणून अशा जागेतून बाहेर आल्यावर तिला पुन्हा हात लावायचा.

'५० बार उरले की वर'

हा नियम उथळ, मोकळ्या, उबदार पाण्याचा. इथे हिशेब करून बघा. खोली ३५ मीटर, म्हणजे दाब ४.५ बार. एकाची हवा गेली, दोघं एकाच पुरवठ्यावर आले, दोघंही घाबरलेले आणि गारठलेले. प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, दोघांचे ६०. तळाशी सावरायला दोन मिनिटं: ६० गुणिले ४.५ गुणिले २, म्हणजे ५४० लिटर. ६ मीटरपर्यंत वर यायला चार मिनिटं, सरासरी दाब ३ बारच्या जरा वर: साधारण ७३० लिटर. ६ मीटरवर पाच मिनिटांचा थांबा, १.६ बारला: ४८० लिटर. एकूण १,७५० लिटर.

१५ लिटरच्या एका सिलिंडरात याचे होतात जवळजवळ १२० बार. ५० बार म्हणजे त्यात फक्त ७५० लिटर. ट्विन १२ मध्ये तेच १,७५० लिटर ७५ बारमध्ये बसतात. याचा दुसरा अर्थ असा की मिनिटाला २० लिटर घेणारा डायव्हर १५ लिटरच्या सिलिंडरावर ३५ मीटरला जेमतेम १८ मिनिटं काढू शकतो, ट्विन १२ वर चाळीस. उरलेले हे ७५ किंवा १२० बार आपले नाहीत, बडीचे आहेत.

नायट्रॉक्सची टक्केवारीही सवयीनं ठरवू नका. ऑक्सिजनचा दाब १.४ बार धरला तर ३२ टक्क्यांची मर्यादा ३३ मीटर, आणि क्योल्नचा तळ त्याच्याही खाली आहे. २८ टक्के ४० मीटरपर्यंत चालतं, २५ टक्के ४६ पर्यंत. मार्कग्राफसाठी हवेपेक्षा हेलियमचं मिश्रण चांगलं. कारण फक्त नायट्रोजनची झिंग नाही. ४० मीटरवर हवेची घनता लिटरला सहा ग्रॅमच्या वर जाते. ५.२ ग्रॅमच्या आत राहावं आणि ६.२ ओलांडू नये असं डाइव्हिंग वैद्यकातले जाणकार सांगतात, कारण दाट हवा ओढता-सोडताना कार्बन डायॉक्साइड आत साठतो. मग धाप, मग घबराट. २१ टक्के ऑक्सिजन आणि ३५ टक्के हेलियम असलेलं मिश्रण ४५ मीटरवरही ५ ग्रॅमच्या आसपास राहतं. हेलियमला वेगळं प्रशिक्षण लागतं. ते नसेल तर मार्कग्राफची पाठ पंचविशीत सुरू होते, तिथेच फिरा.

उजेड दिसतोय म्हणून आत शिरणं

शंभराहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात असलेला पोलादी पत्रा वरून धड दिसतो. तुमचे बुडबुडे त्याला लागले की गंजाचे पापुद्रे सुटतात आणि लालसर धूळ डोक्यावर उतरते. पाय अगदी स्थिर ठेवले तरी हे होतंच. आत जाताना बाहेरचा हिरवा उजेड स्वच्छ दिसतो, वळून बघेपर्यंत तो गेलेला असतो.

भंगारवाल्यांनी या जहाजांना सुरुंग लावून पितळ आणि तांबं काढलं, त्यामुळे ठिकठिकाणी मोठाली भगदाडं आहेत. दार नसलेल्या जागी दार असल्यासारखं वाटतं, आणि आराखड्यात असलेला मार्ग आत कोसळलेला असतो. ड्रेस्डेनच्या पुढच्या भागातलं डेक सांगाड्यापासून सोलून निघत आहे, त्याच्या खाली थांबू नका. पालथ्या जहाजाच्या कडेखाली तोफ बघायला गेलात तर तेही छताखालीच जाणं आहे, मोकळं पाणी नाही.

दोरी न लावता आत जायचं नाही. पहिली गाठ बाहेर मोकळ्या पाण्यात, दुसरी दाराच्या आत, आणि गाठीसाठी गंजून धार आलेला पत्रा टाळा, तो दोरी कापतो. हवा तीन भागांत: एक आत, एक बाहेर, एक राखीव, आणि आधीच्या हिशेबात निघालेली किमान हवा त्याआधी वजा करून. टॉर्च तीन, थंडीत बॅटरी लवकर बसते म्हणून प्रत्येकाचा जळण्याचा काळ छापलेल्यापेक्षा कमी धरा.

कंपासवर विसंबू नका. आजूबाजूला हजारो टन पोलाद आहे आणि सुई जहाजाकडे वळते. जहाजावर वाट ओळखायची ती उतारावरून, पत्र्यांच्या जोडांवरून आणि खोलीवरून. निघताना दोर कुठल्या खोलीवर बांधलेला होता ते पाटीवर लिहून ठेवा.

वर येताना

दोरावर परत येणं सगळ्यात सोपं, पण एप्रिल-मेनंतर पाण्यात वनस्पती-प्लवक फुलतं, दहा मीटरचं दिसणं चार-पाचवर येतं, आणि दोर सापडत नाही. दोर शोधण्यात हवा घालवू नका, जहाजाच्या वरच्या कडेवरून बोया (हवा भरून दोरीनं वर पाठवायची खुणेची पिशवी) सोडा.

बोयाला ३० मीटरचा छोटा स्पूल पुरत नाही. दोरी तिरकी जाते, म्हणून किमान ५० मीटरची रील. आधी तरंगणं स्थिर करा. बोया उलगडा, टोक बडीकडे आणि जहाजाच्या कठड्याकडे गेलेलं नाही ना बघा, मग एकच लहान फुंकर, रीलचा खटका मोकळा, आणि हात लांब. खोलीवर थोडीच हवा पुरते, ती वर जाताना फुगते. रील अंगाला अडकवलेली असताना बोयात हवा भरू नका. ती अडकली तर दुसरा विचार नाही: सोडून द्या. रील बाजारात मिळते. बोया भरायला तोंडातला रेग्युलेटर काढून बटण दाबणं म्हणजे गोठण्याला आमंत्रण, त्यापेक्षा तोंडानं फुंका किंवा छोटी नळी जोडा.

थांब्यावर थंडी सगळ्यात जास्त लागते, आणि शरीर गार पडलं की कातडी-स्नायूंतलं रक्त आखडतं, नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत तळाशी उबदार आणि थांब्यावर गार राहिलेल्यांना डीकॉम्प्रेशनचा (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) त्रास जास्त झाला. म्हणून बॅटरीवर तापणारं जाकीट तळाशी पूर्ण जोरात लावणं उलटं पडतं: वायू जास्त मुरतो आणि थांब्याच्या वेळी बॅटरी संपलेली असते. तळाशी मंद किंवा बंद, थांब्यावर चालू. लघवीची अडचण नको म्हणून पाणी न पिणं हीसुद्धा चूकच. सूटाला लघवी बाहेर सोडणारा पी-व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि भरपूर पाणी प्या.

बोटीवर चढल्यावर

स्कापाच्या बहुतेक बोटींना लिफ्ट असते. लिफ्टवर उभं राहिल्यावर रेग्युलेटर तोंडात आणि चष्मा डोळ्यांवर ठेवा, बाकावर बसेपर्यंत. शिडी असेल तर वजन खाली देऊन मग चढा. ट्विनसेट उचलून इकडे-तिकडे ठेवण्याची घाई नको, पहिला तासभर जोर लावायचा नाही. कडकडीत गरम पाण्याखाली लगेच उभे राहू नका, आधी कोरडे कपडे, टोपी आणि गरम पेय.

खांदा किंवा कोपर दुखणं, अंगावर लाल-निळसर चट्टे, मुंग्या, न जाणारा थकवा. ही 'सिलिंडर उचलून दुखत असेल' म्हणून झटकून टाकायची लक्षणं नाहीत. माणसाला आडवं करा, शंभर टक्के ऑक्सिजन द्या आणि स्किपरला लगेच सांगा. तो व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनलवरून तटरक्षकांना कळवील. उशीर होतो तो बहुतेकदा संकोचामुळे.

आठवडा सहा दिवसांचा असतो, रोज दोन डाइव्ह. चौथ्या दिवशी दुपारची एक डाइव्ह सोडून द्या. परतताना किर्कवॉलहून विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण २४ तास जाऊ द्या. स्ट्रॉमनेसहून स्क्रॅब्स्टरची फेरी समुद्रसपाटीनंच जाते, तिला ही अट नाही. पुढे इंग्लंडकडे गाडीनं जाताना मात्र डोंगरातले उंच घाट आधी नकाशात बघून घ्या.

रोज रात्री सूट आतून उलटा करून कोरड्या खोलीत टांगा, पहिल्या स्टेजची टोपी पुसून कोरडी करूनच लावा, पितळी झिपला बाहेरच्या बाजूनं मेण घासा. प्लास्टिकची झिप असेल तर फक्त शेवटच्या खाचेत तेल-जेल. मनगटाची सीलं हाताळताना ताणून उजेडाकडे धरा. कडेला केसासारखी चीर दिसली तर दुसऱ्या दिवशीची सकाळची डाइव्ह त्या सूटात करू नका.